हिरव्या दाराचं सील

१

सोनार ओरडला तेव्हा मी एका पायावर उभा होतो. दुसऱ्या पायात प्लास्टिकचा पायमोजा चढवत होतो, आणि माझ्या गुडघ्यांना या वयात एवढी कसरत झेपत नाही.

"अरे, सील तुटलंय!"

एक पाय झाकलेला, एक उघडा, तसाच मी धावलो. माझ्यामागे बाई आणि बाईंच्या मागे पाहुणे.

सोनार हा माझा जोडीदार. दागिने घडवणारा नव्हे, आम्ही दोघंही आंतरराष्ट्रीय तपासणी संस्थेचे निरीक्षक. देशोदेशीच्या अणुइंधनाच्या कोठारांना सील लावायचं आणि पुन्हा जाऊन ते शाबूत आहे का ते बघायचं, यात आमचं आयुष्य गेलं. त्याच्या हाताला सफाई अशी की सगळी संस्था त्याला सोनार म्हणते. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. आमच्यात रिवाज आहे, ज्याने सील लावलं त्याचाच सीलला पहिला हात. म्हणून तो कोपऱ्यापलीकडे पुढे गेला होता आणि आम्ही तिघं बाकापाशी पायमोज्यांशी झटत होतो.

दार पोलादी, नुकतंच हिरवं रंगवलेलं. एक कडी दाराला, एक चौकटीला. दोन्हींतून तार ओवायची आणि तारेची टोकं तांब्याच्या टोपीत बंद करायची, हे आमचं सील. टोपी सोनाराच्या तळहातावर होती आणि तार कापलेली होती. कापलेली मात्र छान, टोपीपासून बोटभर अंतरावर, एका झटक्यात. रंगाऱ्याने तर कमालच केली होती. कड्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. चौकटीच्या कडीवर इतका रंग थापला होता की तिचा डोळाच मिटला होता.

"नंबर वाच," मी सोनाराला म्हणालो.

"तूच वाच." त्याने टोपी माझ्या हातात ठेवली.

मी वाचला. टोपी आमचीच होती.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या या अणुभट्टीच्या प्रमुख. या भट्टीत वीज होत नाही, औषध होतं. थायरॉईडच्या कॅन्सरची गोळी. ही गोळी साठवून ठेवता येत नाही, आठवडाभरातच तिची निम्मी ताकद विरून जाते, म्हणून भट्टी सतत चालावी लागते. आणि भट्टीचं पोट आता रिकामं होत आलं होतं.

जुनं इंधन वरच्या कसाचं होतं. त्याने औषध होतं, आणि भलत्याच्या हाती पडलं तर बॉम्बही होतो. म्हणून बऱ्याच देशांनी मिळून करार केला. जुन्यातलं न वापरलेलं इंधन तुम्ही परत द्या, आम्ही सामाईक साठ्यातून कमी कसाचं नवं देतो. त्यावर भट्टी चालेल, बॉम्ब मात्र होणार नाही. बाईंच्या देशाने हो म्हटलं. स्वतः इंधन बनवायचा नादही सोडला. जुनं इंधन या खोलीत ठेवलं, दाराला सोनाराने सील लावलं, आणि आज ते न्यायला व नवं द्यायला ट्रक फाटकाशी उभा होता. अट एकच होती, सील शाबूत हवं.

"आधी आत बघू," मी म्हणालो.

बाईंनी पर्समधून किल्ली काढली. कुलूप उघडलं, पण दार हलेना. मी आणि पाहुण्यांनी खांदा लावला तेव्हा कुठे चर्रर्र आवाज करत ते सुटलं. आत सगळे डबे जागेवर होते. हातातल्या यंत्राने मी एकेक मोजला आणि सगळे बरोबर निघाले.

"आहे ना सगळं?" बाईंचा आवाज हलला. "काहीच गेलं नाही ना?"

पाहुणे म्हणजे पुरवठादार देशाचे प्रतिनिधी. ट्रक त्यांच्या हुकमावर हलणार होता. ते फार हळू बोलत.

"डबे आहेत. पण डब्यात तेच आहे की यंत्राला तसं भासणारं दुसरं, हे प्रयोगशाळा सांगेल. त्याला महिने लागतील. सील तुटलं तर ट्रक संध्याकाळी परत फिरवायचा, असा मला हुकूम आहे. माझ्या हातात काही नाही."

या वाक्याचा मला मनस्वी तिटकारा आहे.

२

चौकशीला मी बाईंची कचेरी मागून घेतली. सोनार कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि स्वतःसाठी चहा ओतू लागला. अर्धा कपात गेला, अर्धा बशीत. बिचारा हादरला होता. निवृत्तीच्या तोंडावर त्याचं सील तुटावं, हे कोणालाही लागलंच असतं.

पहिल्या बाई आल्या.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच. झोपतानाही उशाशी. आता म्हणा, की मग चोर मीच!"

"मी कुठे म्हणालो?"

"तुम्ही नाही म्हणालात, तुमच्या भुवया म्हणाल्या." त्या धपकन बसल्या. "अहो, सील तोडून मला काय मिळणार? घशात घास जाताना कोणी स्वतःचाच गळा आवळतो का? गोळीच्या यादीत माझी सख्खी नणंद आहे. बावीस वर्षं आम्ही भांडतोय. माझ्या भाजीला मीठ कमी, माझ्या पोरांना वळण नाही, माझं नाक नकटं! पण तिला काही झालं तर मी भांडू कोणाशी? तिचा नंबर पुढच्या आठवड्यात आहे. भट्टी पेटली तर गोळी."

"दुसऱ्या देशातून नाही मागवता येत?"

"तिथेही रांगा आहेत. त्यांच्या नणंदा त्यांना आधी."

त्या उठून गेल्या. मी सोनाराकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

मग रंगारी आला. महिन्यापूर्वी हिरव्या दाराचा अख्खा बोळ त्याने एकट्याने रंगवला होता, आणि त्या काळात तासन् तास तो त्या दारापाशी एकटाच होता.

"सीलला हात लावलास?"

"आईशपथ नाही साहेब! बाईंनी बजावलं होतं, टोपीला ब्रश लागला तर नोकरी गेली समज. मी टोपीला कागद गुंडाळला, मग रंगवलं. तारेवर चार शिंतोडे उडाले असतील, तेवढंच."

"आणि बाकीचं?"

"बाकी जे दिसलं ते रंगवलं. दोन हात दिले. रंग चांगला दाट आला होता, मग कशाला हात आखडायचा?"

"कॅमेरा नाही का तिथे?" मी विचारलं खरं, पण उत्तर मलाच ठाऊक होतं. कॅमेऱ्याचा खर्च कोणत्या देशाने करायचा, यावर आमच्या मंडळात अजून वाद चालला आहे.

शेवटी पाहुणे आले. माझा खरा संशय त्यांच्यावरच होता. सगळं जागेवर असताना सील तुटतं, तेव्हा कोणाला तरी इंधन नको असतं, करार मोडायला हवा असतो. पुरवठा करणाऱ्यालाच तो जड झाला असला तर? कुंपणानेच शेत खायचं ठरवलं तर विचारणार कोण?

"तुम्ही काल इथे आलात," मी म्हणालो. "बोळात गेला होतात?"

"गेलो होतो. दार लांबून पाहिलं. सील लोंबकळत होतं, शाबूत होतं."

"याला साक्षीदार?"

"बाई होत्या बरोबर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला वाटतंय मी तोडलं. माझ्या देशात हा करार नको असलेले पुष्कळ आहेत, खरं आहे. पण हा ट्रक निघावा म्हणून मी तीन वर्षं लोकांचे उंबरे झिजवलेत. मला एक कारण द्या. दारामागचं इंधन तेच आहे असं म्हणायला एक पक्कं कारण. मी स्वतः वर फोन करतो."

ज्याला चोर ठरवायचं, तोच माझ्यापुढे हात पसरून बसला होता.

३

कारण मला सापडलं ते पायमोजा काढताना. त्याच्या तळाला हिरव्या रंगाची एक सालपट चिकटलं होतं.

दार उघडताना चर्रर्र झालं होतं ते काय होतं? रंग! रंगाऱ्याने दार आणि चौकट यांच्यामधली फट दाट रंगाने बुजवून टाकली होती. वाळल्यावर दार चौकटीला चिकटलं होतं, आणि आज आम्ही खांदा लावला तेव्हा पहिल्यांदा फाटलं. म्हणजे रंगकामानंतर, महिनाभर, ते दार कोणीही उघडलेलं नव्हतं.

कापलेली तार मी भिंगाखाली धरली. वर हिरवे शिंतोडे होते, पण कापलेलं टोक मात्र लख्ख, रंगाचा कणही नाही. तार रंगकामानंतर कापलेली होती. आणि पाहुण्यांनी व बाईंनी काल ती शाबूत पाहिली होती.

मी टुणकन उठलो, गुडघे विसरून.

"सोनारा, अरे जमलं! रंगकामापर्यंत तुझं सील शाबूत, म्हणजे तोवर कोणी आत गेलेलं नाही. रंगकामानंतर रंगच सील झाला! तार कोणी का कापली असेना, आत कोणीही गेलेलं नाही. इंधन तेच आहे!"

सोनार माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं तो मिठी मारेल.

"छान," तो म्हणाला, आणि चष्मा शोधायला लागला. चष्मा त्याच्या समोरच होता.

पाहुण्यांना मी बोळात नेऊन सगळं दाखवलं. फाटलेल्या रंगाच्या दोन्ही कडा एकमेकींत चपखल बसत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. बाईंनी तर भिंतीला टेकून डोळेच मिटले.

"हे चालेल," पाहुणे म्हणाले. "मी फोन करतो. मला फक्त फोटो द्या. कडा, कड्या, तार कुठून ओवली होती, सगळं जवळून."

फोटो काढायला मी दारापाशी वाकलो. एक फोटो दाराच्या कडीचा घेतला. तिच्या भोकात तारेने रंग घासून निघाला होता आणि आतलं लोखंड चमकत होतं. मग चौकटीच्या कडीचा घ्यायला गेलो.

तिचा डोळा मिटलेला होता. भोकावर रंगाचा अखंड पडदा, ढोलकीच्या पुडीसारखा ताणलेला.

मी बोट लावून पाहिलं. पडदा कुठेच फाटलेला नव्हता. त्या कडीतून तार गेलेली असती, तर रंगाचा पडदा धरलाच नसता.

४

"फोटो झाले का?" बाईंनी हाक दिली.

"जरा थांबा," मी म्हणालो आणि कचेरीत जाऊन दार लावून घेतलं. सोनार तिथेच बसला होता.

"तुझी पक्कड दे."

त्याने एक शब्दही न विचारता खिशातून काढून दिली. सील उतरवायची ही पक्कड आम्हा सगळ्यांकडे असते. तिच्या जबड्यात हिरव्या रंगाचा कण अडकलेला होता.

मी त्याच्यासमोर बसलो.

"तार एकाच कडीतून ओवलेली होती. दाराच्या. चौकटीच्या कडीतून नाहीच. तुझं सील दागिन्यासारखं नुसतं लटकत होतं. ज्याला आत जायचं असेल, त्याला तार कापायची गरजच नव्हती. कुलूप उघडलं की झालं, दार सीलसकट उघडलं असतं."

त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मग तार कापायची गरज कोणाला? चोराला नाही. करार मोडणाऱ्याला नाही, त्याने नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. ती चूक कोणाला दिसू नये असं ज्याला वाटलं, त्यालाच. आणि आज सकाळी त्या दारापाशी एकटा गेला तो तू. कापलीस ती पण टोपीपासून बोटभर सोडून. शिकलास तशीच. आपल्याखेरीज कोण कापतं रे असं?"

"सवय," सोनार म्हणाला. "सवय जात नाही."

"डोळे कधीपासून अधू आहेत?"

"दोन वर्षं. मोतीबिंदू. निवृत्तीनंतर काढू म्हटलं. आधी सांगितलं असतं तर टेबलाच्या कामाला बसवलं असतं मला. सील लावलं तेव्हा हातात जाड मोजे होते. आज उघड्या हाताने तार चाचपली आणि... एकाच कडीतून. माझं काळीज थांबलं रे. विचार न करता कापून टाकली."

"आणि तेव्हा मी नव्हतो, पण तुझ्याबरोबर दुसरा निरीक्षक होता ना? सील ओढून बघायचं काम त्याचं."

"नवीन होता. मी म्हटलं, बघ ओढून. तो म्हणाला, सर, तुमचं सील मी काय ओढून बघणार! आणि सही केली."

मला हसूही येईना आणि रडूही. आमच्याकडे हेच होतं. मोठ्याचं काम तपासायची लहानाला लाज वाटते, आणि मोठ्यालाही ती लाज आवडते.

"तू कापलीस म्हणून या बाई चोर ठरणार होत्या," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "बॉम्बचं सामान पळवणारा देश ठरणार होता त्यांचा! कळतंय का तुला?"

"कळलं होतं. बाईंनी नणंदेचं सांगितलं तेव्हा कळलं." त्याने तोंड ओंजळीत लपवलं. "तू सांग सगळं. पण सांगितलंस तर काय होईल, ते माहीत आहे ना तुला?"

मला माहीत होतं. दोन वर्षांत याने किती देशांत, किती दारांना सील लावलं होतं!

५

तरी मी आमच्या संस्थेच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. खऱ्याच्या कपाळी काहीतरी बरं असेल, असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं.

साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या देशाची चूक नाही. तसं लिहून देतो. त्यांची माफीही मागू."

"आणि इंधन?"

"रंगकामाआधी ते दार कोणी उघडलं नाही, हे सांगता येईल तुला?"

सांगता येणार नव्हतं. रंगाने एक महिना सांभाळला होता. त्याआधीचे सगळे महिने ते दार नुसत्या कुलपावर होतं, आणि कुलूप बाईंचं. आमची संस्था दुसऱ्याच्या कुलपावर विश्वास ठेवत नाही, फक्त स्वतःच्या सीलवर ठेवते.

"मग नमुने प्रयोगशाळेत जातील," साहेब म्हणाले. "आणि आता त्याने लावलेलं प्रत्येक सील संशयित. जिथे जिथे ते आहे, तिथला पुरवठा थांबवावा लागेल. आणखी चार ट्रक वाटेत आहेत, तेही."

"साहेब, त्या भट्ट्यांवरही दवाखाने असतील."

"असतील. मंडळाचा नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

मी कचेरीचं दार उघडलं. बाहेर पाहुणे फोन हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या शेजारी बाई. मी सोनाराकडे वळून पाहिलं, तर तो स्वतःच उठला. भिंतीला हात लावत लावत बाईंसमोर आला आणि सगळं त्याने आपल्या तोंडाने सांगितलं. काही लपवलं नाही. बाई ऐकत होत्या. मला वाटलं त्या आता त्याच्या थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे आम्ही चोर नाही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही बाई. तसं लेखी मिळेल."

"मग इंधन?"

"नाही."

"चोर असतो तर?"

"तरी नाही."

त्या हसल्या, आणि ते हसू मला बघवेना. "राजाने मारलं, पावसाने झोडपलं. तक्रार करायची कोणाकडे?" एवढं म्हणून त्या खिडकीकडे गेल्या. पाहुणे तोवर फाटकाशी पोचून ट्रकवाल्याशी बोलत होते. बराच वेळ बोलले. मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हात हलवला. ट्रक मागे मागे येत वळला आणि नव्या इंधनासकट रस्त्याला लागला. सोनार बाकावर बसला होता. सकाळचे प्लास्टिकचे पायमोजे अजून त्याच्या पायात होते.

बाईंचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "हो, सापडला. नाही, आपल्याकडचं कोणी नव्हतं. आपल्या कोणाचीच चूक नाही." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंनी फोन माझ्या हातात कोंबला. "तुम्हीच सांगा."

"नमस्कार ताई," मी म्हणालो. "मी तपासणी संस्थेचा माणूस."

"नमस्कार, नमस्कार!" खणखणीत आवाज होता, आजारी माणसाचा वाटतच नव्हता. "आमच्या वहिनीला जरा धाक हवाच होता, बरं झालं तुम्ही आलात. तिला म्हणावं रडू नकोस, रडली की तिचं नाक आणखी फुगतं. चोर सापडला म्हणे?"

"सापडला."

"हुशार आहात हो! मग आता माझी गोळी कधी?"

सगळा दिवस ज्या वाक्याने माझं डोकं फिरवलं होतं, ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं. "ताई, माझ्या हातात काही नाही."

त्या रागावल्या नाहीत. आपण चुकीच्या खिडकीवर उभे राहिलो, की तिथल्या कारकुनाशी बोलतो, तसं समजुतीने बोलल्या.

"असं होय! मग ज्याच्या हातात आहे, त्याला द्या की फोन."

मी आजूबाजूला बघितलं. बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. पाहुणे फाटकातून एकटेच परत येत होते. सोनार बाकावर वाकून पायमोज्याच्या नाडीची गाठ सोडवायला बघत होता, आणि ती त्याला दिसत नव्हती.

"देताय ना?" ताई म्हणाल्या. "मी थांबते."